गिअरबॉक्समधून गळणारे तेल

अंगणात रोज उभ्या राहणाऱ्या मोटारीखाली एखाद्या सकाळी रुपयाएवढा काळसर डाग दिसतो. घरातील माणसे त्यावरून ये-जा करतात, कोणी त्यावर चिमूटभर माती टाकते, आणि डाग विसरला जातो. पुढे तो वाढतो. मग एक दिवस मोटार चालता चालता कण्हू लागते, गिअर पडेनासे होतात, आणि ज्या दुखण्यावर थोड्या खर्चात इलाज झाला असता त्यासाठी घरातील शिल्लक बाहेर काढावी लागते. दुखणे लहान असतानाच त्याकडे पाहावे, ही शिकवण आपण मुलांना देतो. स्वतःच्या मोटारीच्या बाबतीत मात्र ती आपल्याला आठवत नाही.

प्रस्तुत लेखकावर हीच वेळ आली होती. त्या प्रसंगातून जे शिकावयास मिळाले ते इतर कुटुंबांच्या उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

बेळगावात शाळामास्तराची नोकरी करणाऱ्या माणसाकडे असावी तशीच आमची मोटार आहे: लहान, जुनी आणि पुढच्या चाकांना जोर देणारी. तिच्यावाचून अडत नाही असे पूर्वी वाटत असे. परंतु मागील वर्षी आईचे मांडीचे हाड मोडले, आणि शस्त्रक्रियेनंतर आठवड्यातून दोनदा तिला इस्पितळात व्यायामोपचारासाठी नेणे भाग पडले. रिक्षाचे धक्के तिला सोसत नसत. अशा वेळी, पावसाळ्याच्या तोंडावर, आमच्या थोरल्या मुलीने अंगण झाडताना तो डाग पाहिला. “बाबा, गाडी गळते आहे,” ती म्हणाली. मी “बघू” म्हटले आणि वर्तमानपत्र उचलले. पंधरा दिवसांनी तिने तेच वाक्य पुन्हा ऐकवले. तेव्हा डाग ताटलीएवढा झाला होता.

दुरुस्तीच्या दुकानात मोटार दाखवली. तेथील माणसाने खाली वाकून पाहिले, बोट लावले आणि निर्णय दिला, “गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल. आतले सगळेच बघावे लागेल.” सांगितलेला आकडा माझ्या महिन्याच्या पगाराचा मोठा भाग होता. घरी आल्यावर सौ. म्हणाली, “अहो, मग ती विकूनच टाका. भंगारात तरी काही येईल.” आई पलंगावर पडून हे ऐकत होती. ती काही बोलली नाही. आपल्या दुखण्याने घराला खर्चात पाडले असे तिला वाटत असावे, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. आणि तेच मला अधिक लागले.

आमच्या गल्लीत एक वयोवृद्ध गृहस्थ राहतात. टिळकवाडीच्या पलीकडे उद्यमबाग वसाहतीतील यंत्रशाळांत त्यांचे आयुष्य गेले. सारी गल्ली त्यांना मिस्त्रीकाका म्हणते. संध्याकाळी सहज त्यांच्या कानावर गोष्ट घातली. त्यांनी एकच प्रश्न केला, “मास्तर, तेल नेमके कुठून येते ते पाहिले का?”

मी म्हटले, “नाही काका. पण दुकानदार म्हणाला...”

“दुकानदाराचे राहू द्या. आधी पुसा, मग पाहा, मग पाना उचला.”

या एका वाक्यात साऱ्या विद्येचे सार आहे असे आता वाटते.

गिअरबॉक्समध्ये काय चालते

इलाजाकडे वळण्यापूर्वी यंत्राची थोडी ओळख करून घेऊ. इंजिन वेगाने फिरते. चाकांना मात्र कधी जोर हवा असतो, कधी वेग. चढावर जोर, सपाट रस्त्यावर वेग. ही अदलाबदल लहानमोठ्या दातेरी चक्रांच्या साहाय्याने करणारी पेटी म्हणजे गिअरबॉक्स. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात फ्रान्समधील पानार-लव्हासोर यांच्या मोटारींत सरकत्या चक्रांचा असा गिअरबॉक्स बसू लागला. त्या काळी गिअर टाकताना दात दातांवर आपटून कर्कश आवाज होई. १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत चक्रांचे वेग आधी जुळवून घेणारी रचना आली आणि तो खडखडाट थांबला. हे काम पितळी कड्या करतात. या पितळी कड्या वाचकांनी ध्यानात ठेवाव्या. तेल निवडताना त्यांची आठवण पुन्हा काढावी लागणार आहे.

जुन्या अॅम्बॅसडर आणि पद्मिनी मोटारींत गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे असे आणि तेथून एक लांब दांडा मागच्या चाकांकडे जाई. इंजिन आडवे बसवून त्याच्या शेजारीच गिअरबॉक्स जोडण्याची रचना इटलीत १९६४ च्या प्रिमुला मोटारीत दिसली. दान्ते जाकोसा हे तिचे रचनाकार. आपल्या देशात डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि ही पद्धत घरोघर पोहोचली. अशा मोटारीत गिअरबॉक्सच्या दोन्ही बाजूंनी एकेक दांडा निघून पुढच्या चाकाला जातो. त्याला ड्राइव्ह शाफ्ट म्हणतात.

आता पाहा, पेटीत तेल आहे आणि पेटीच्या भिंतीतून फिरता दांडा बाहेर यावयाचा आहे. दांडा मोकळा फिरला पाहिजे, पण तेल बाहेर येता कामा नये. हे अवघड काम रबराची एक लहानशी कडी करते. तिला ऑइल सील म्हणतात. तिच्या आतल्या कडेला पातळ ओठ असतो, आणि ओठाभोवती तारेची बारीक स्प्रिंग असते. ती ओठाला दांड्यावर हलके दाबून धरते. १९२९ साली जर्मनीतील वाइनहाइम गावच्या फ्रॉइडेनबर्ग या चामडे कमावणाऱ्या कारखान्याने अशी सीले चामड्याची काढली. पुढे चामड्याची जागा कृत्रिम रबराने घेतली.

रबर हे कायमचे नव्हे. उष्णतेने आणि वयाने ते कडक होते, ओठ झिजतो. मोटार महिनोन् महिने एका जागी उभी राहिली तर ओठ सुकून ताठ होऊ शकतो. मग थेंब येऊ लागतो.

लहान मोटारीच्या गिअरबॉक्समध्ये तेल असते सुमारे दोन-अडीच लिटर. चक्रे फिरताना ते उडते आणि वरच्या भागांना मिळते. पातळी खाली गेली की वरच्या दांड्यांचे बेअरिंग आधी कोरडे पडतात. आणि कोरडे बेअरिंग ओरडू लागले म्हणजे खर्चाची वेळ आली असे समजावे. थेंबाचे भय थेंबासाठी नाही, ते या कोरडेपणासाठी आहे.

गळती ओळखावी कशी

मिस्त्रीकाकांनी पहिल्या दिवशी एकाही पान्याला हात लावू दिला नाही. मोटारीखाली रात्रभर जाड पुठ्ठा पसरावयास सांगितला आणि चाके कोठे होती याच्या खुणा त्यावर करून घेतल्या. सकाळी पुठ्ठ्यावरचा डाग पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगास पडलेला दिसला.

नंतर तेलाची परीक्षा. मोटारीतून गळणारे प्रत्येक द्रव्य वेगळे असते. इंजिनाचे तेल वापराने काळे पडते. ब्रेकचे तेल पातळ असते. रेडिएटरचे पाणी हिरवट किंवा गुलाबी असते. गिअरचे तेल दाट असते आणि त्याला उग्र वास येतो, कारण त्यात गंधकयुक्त द्रव्ये मिसळलेली असतात. मुलीने बोट हुंगून सांगितले, “काडेपेटी ओढल्यासारखा वास येतो.” काका हसून म्हणाले, “पोरगी मेकॅनिक होणार.”

त्यानंतर गिअरबॉक्स बाहेरून धुण्याचे काम. रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन वर्षांचा चिखल काढला, फडक्याने कोरडे केले, आणि संशयाच्या जागांवर चेहऱ्याला लावावयाची पावडर भुरभुरली. मग चार-पाच मैल फिरून आलो. हे करणे अवश्य आहे, कारण मोटार चालत असता वाऱ्याने तेल मागे उडते. जेथे ओले दिसते तेथूनच ते निघाले असे नसते. पांढऱ्या पावडरीवर मात्र तेलाची वाट स्पष्ट उमटते. आमच्या मोटारीत ती डाव्या ड्राइव्ह शाफ्टच्या मुळाशी सुरू झाली होती.

तेल निघण्याच्या ठरावीक जागा आहेत. निचऱ्याच्या बुचाखालचा वॉशर, मागचा दिवा लावणाऱ्या स्विचचा वॉशर, वेगमापकाच्या तारेची रबरी कडी, गिअर बदलणाऱ्या दांड्याचे सील, पेटीच्या दोन भागांचा जोड आणि ड्राइव्ह शाफ्टची दोन सीले. यांपैकी बहुतेक कामे गिअरबॉक्स न उतरवता होतात. इंजिन आणि गिअरबॉक्स जेथे जोडले आहेत त्याच्या तळातून, म्हणजे क्लचच्या कोठडीतून तेल ठिबकत असेल, तर मात्र दोष आतल्या सीलचा असतो आणि गिअरबॉक्स उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. तेही तेल इंजिनाचे की गिअरचे, हे वासावरून आधी ठरवावे. हे काम घरी करू नये. पेटी जड असते, ती छातीवर येऊ शकते.

आणखी एक गोष्ट काकांनी दाखवली. गिअरबॉक्सच्या माथ्यावर हवा येण्याजाण्यासाठी एक लहान नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. तेल तापले की आतली हवा फुगते आणि या वाटेने निघून जाते. आमच्या ब्रीदरमध्ये चिखलाचा खडा बसला होता. हवेला वाट मिळाली नाही म्हणजे ती तेलाला सीलमधून ढकलते. नवे सील घालून ब्रीदर तसाच ठेवला असता तर पैसे फुकट गेले असते. त्याचप्रमाणे कोणी प्रमाणाबाहेर तेल भरले असेल तरीही गळती होते. म्हणून स्वस्त कारणे आधी तपासावी, महाग कारणे शेवटी.

कामाला हात घालण्यापूर्वी

या ठिकाणी वाचकांना कळकळीची विनंती आहे. जॅक हा मोटार उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या मोटारीखाली कोणीही, क्षणभरही, जाऊ नये. जमीन सपाट आणि टणक असावी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावे, हातब्रेक ओढावा, आणि मोटार उचलल्यावर तिच्याखाली लोखंडी स्टँड द्यावेत. विटा रचू नयेत. वीट न सांगता फुटते. शेवटी मोटारीला हाताने धक्का देऊन पाहावे. ती आता हलली तर बरे, आपण खाली गेल्यावर हलली तर वाईट. काम चालू असता घरातील एक माणूस जवळ असावे.

तेल गाळण्यापूर्वी भरण्याचे बूच उघडते की नाही हे प्रथम पाहावे. ते गंजून अडकले असेल आणि तुम्ही खालचे बूच उघडून तेल काढून टाकलेत, तर नवे तेल भरावयाचे कोठून? मोटार तेथेच अडकून पडेल. या एका चुकीने अनेकांचा रविवार वाया गेला आहे.

तेल कोमट असताना गाळावे. गार तेल सावकाश निघते, तापलेले भाजते. निचऱ्याच्या बुचाला बहुधा लोहचुंबक असते. त्यावर राखाडी रंगाचा मऊ लेप दिसला तर घाबरू नये, ती दातांची नैसर्गिक झीज आहे. धातूचे तुकडे किंवा टोकदार कण दिसले तर मात्र पुढे जाऊ नये. तो रोग सीलचा नव्हे, आतला आहे, जाणत्याकडे जावे.

माझी चूक

आमच्या चुंबकावर केवळ लेप होता. काका म्हणाले, “आत सारे ठीक आहे. शनिवारी सील बदलू.” परंतु शुक्रवारी त्यांना खानापुरास मुलीकडे जावे लागले, आणि सोमवारी आईची इस्पितळाची पाळी होती. मी स्वतःच काम उरकण्याचे ठरवले. सारे ऐकलेले होतेच.

चाक काढले. चाकाच्या आतला खालचा बॉल जॉइंट सोडवला, म्हणजे चाकाचा तुंबा बाहेर झुकतो आणि दांड्याला निघण्यास जागा होते. मग गिअरबॉक्स आणि दांडा यांच्या फटीत पट्टी घालून नेटाने रेटले. दांड्याच्या टोकाला एक तारेची कडी असते, तिला सर्क्लिप म्हणतात. ती दबली आणि दांडा सुटला. सुटलेला दांडा लोंबकळत ठेवू नये, त्याचे सांधे दुखावतात. तो दोरीने वर बांधावा. तसेच दोन्ही बाजूंचे दांडे एकाच वेळी काढू नयेत, कारण काही मोटारींत त्यामुळे आतली चक्रे जागा सोडतात.

जुने सील पेचकसाने उचकटले. तेथे सावध राहावे लागते. सील ज्या घरात बसते त्या ॲल्युमिनियमच्या भिंतीला ओरखडा पडला तर त्याच वाटेने पुन्हा तेल येईल. काढण्यापूर्वी सील किती खोल बसले आहे हे मोजून ठेवावे. सीलवर आकडे कोरलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. ते सील घेऊन दुकानात जावे आणि तसेच मागावे. काही सीलांवर फिरण्याच्या दिशेचा बाणही असतो, म्हणजे डाव्याचे उजव्याला चालत नाही. मला मिळालेले सील एका वेळच्या बाजाराच्या पिशवीहून स्वस्त होते. दुकानदाराने सांगितलेला आकडा आठवून मी मनाशी हसलो. ते हसणे अकाली होते.

नवे सील ठोकून बसवले. त्यानंतर दांडा हातात घेतला, एकट्याने, वाकून, घामाघूम होऊन. त्याचे दातेरी टोक भोकात शिरले आणि त्याचा सारा भार सीलच्या ओठावर पडला. मी ते पाहिले नाही. पाहिले असते तरी त्याचा अर्थ मला कळला नसता. रेटले, ‘खट्’ असा आवाज आला, काम झाले. तेल भरले. सोमवारी आईला इस्पितळात नेऊन आणले तेव्हा मी विजयी वीराप्रमाणे मोटार चालवीत होतो.

गुरुवारी सकाळी मुलगी अंगणातून म्हणाली, “बाबा...” पुढचे शब्द तिने उच्चारले नाहीत.

मला लाज वाटली. दुकानदारावर अविश्वास दाखवून, घरच्यांसमोर फुशारकी मारून, शेवटी थेंब तो थेंबच. रात्री आईने जवळ बोलावले. म्हणाली, “अरे, मी रिक्षाने जाईन. सोस थोडा सोसला तर काय होते?” त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसरा प्रयत्न

मिस्त्रीकाका परत आले. मी सारे खरे सांगितले. ते रागावले नाहीत. दांडा काढून सील बाहेर घेतले आणि उजेडात धरले. ओठाला नखाएवढा चिरा पडला होता. “दात्यांनी कापला,” ते म्हणाले. “सील शहाणे असते मास्तर, पण नाजूक असते. घाई त्याला खपत नाही.”

या वेळी त्यांनी खुर्ची टाकून बसून काम करवून घेतले. प्रथम दांड्याचा जो भाग सीलमध्ये फिरतो त्यावरून त्यांनी नख फिरवले. तेथे जुन्या ओठाने हलका माग पाडला होता. खोल खाच असती आणि नख अडकले असते तर नवे सीलही टिकले नसते; दांडा बदलावा लागला असता. हलका माग असेल तर नवे सील एखादा मिलिमीटर कमी खोल बसवावे, म्हणजे ओठ न झिजलेल्या जागेवर येतो. मात्र तेथे तेवढी जागा आहे याची खात्री करावी. नंतर दांड्याचे टोक काही वेळ परत पेटीत सरकवून त्यांनी ते वरखाली हलवून पाहिले. तेथे फार खेळ असता तर दोष बेअरिंगचा ठरला असता, आणि डगमगणाऱ्या दांड्यावर कोणतेच सील तेल धरीत नाही.

मग घर कोरड्या फडक्याने पुसले. सीलची स्प्रिंगची बाजू आत, म्हणजे तेलाकडे असावी लागते. उलटे बसवलेले सील पहिल्याच दिवशी गळते. ओठाला ग्रीस लावले, बाहेरच्या कडेला तेलाचा हात फिरवला. सीलच्या बाहेरच्या कडेवर बरोबर बसेल असा लोखंडी पाइपचा तुकडा ठेवून हातोडीने चहूबाजूंनी हलके, सारख्या ठोक्यांनी ते आत नेले. एका बाजूने ठोकले तर सील तिरपे जाते आणि वाकते. ठरल्या खोलीवर आल्यावर थांबलो.

आता दांडा. काकांनी त्याच्या टोकावर नवी सर्क्लिप बसवली आणि दातेरी भागाभोवती पातळ प्लॅस्टिकची पिशवी ताणून गुंडाळली. तिला तेल लावले. मुलीला म्हणाले, “पोरी, तू दांडा खालून दोन्ही हातांनी तोलून धर. ओठावर त्याचा भार पडता कामा नये. मास्तर, तुम्ही सरळ रेषेत ढकला. घाई नाही.” मुलीने श्वास रोखून दांडा तोलला. दाते सीलच्या आत शिरू लागताच काकांनी पिशवी अलगद ओढून काढली, तिचा एक तुकडाही आत राहिला नाही हे तपासून पाहिले, आणि मग मी नेटाने रेटा दिला. ‘खट्’ असा आवाज झाला. या वेळी दांडा बाहेर ओढून तो खरेच अडकला आहे याची खात्री करून घेतली.

बॉल जॉइंटचा नट नेमक्या जोराने आवळला. त्यासाठी जोर मोजणारा पाना काकांनी ओळखीच्या यंत्रशाळेतून आणला होता. चाक, सुकाणू आणि ब्रेक यांच्याशी संबंध असलेला एकही नट अंदाजाने आवळू नये. नटाला अडवणारी पिन जुनी वापरू नये. गळती राहिली तर अंगण घाण होईल, हा नट सुटला तर घरातील माणसे जातील. स्वतःवर पुरता भरवसा नसेल तर एवढा भाग जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

तेल कोणते घालावे

आता त्या पितळी कड्यांची आठवण करू. गिअरचे तेल घेताना डब्यावर दोन गोष्टी वाचाव्या. एक दाटपणा, उदाहरणार्थ ७५ डब्ल्यू-९० किंवा ८० डब्ल्यू-९०. दुसरी गुणवत्ता, जी जीएल-४ किंवा जीएल-५ अशी लिहितात. पाचाचा आकडा चाराहून मोठा, म्हणून ते तेल अधिक चांगले, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे. जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरस यांची द्रव्ये अधिक प्रमाणात असतात. मागच्या धुरीच्या चक्रांवर पडणारा भयंकर दाब सोसण्यासाठी ती आवश्यक असतात. हीच द्रव्ये कित्येकदा पितळी कड्यांना खातात. म्हणून मोटारीच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच घालावे.

तेल भरण्याच्या भोकातूनच पातळी कळते. मोटार सपाटीवर असता तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आले आणि जादा तेल ओघळून थांबले, की पातळी बरोबर झाली. बुचांचे वॉशर नवे घालावे. बूच अमर्याद आवळू नये. ॲल्युमिनियमचे आटे गेले की नवे दुखणे उभे राहते.

गळती थांबवण्याची औषधे बाटलीतून मिळतात, आणि बाहेरून लेप फासण्याची युक्तीही कोणी सुचवतो. बाटलीतील द्रव्य रबराला काही काळ फुगवते, फाटलेला ओठ सांधत नाही. लेपाचे तर विचारूच नये; फिरत्या दांड्यावर तो टिकणार कसा? जखम धुतल्यावाचून वर पट्टी बांधण्यासारखे ते आहे.

शेवटी काढलेले तेल. ते गटारात ओतू नये, विहिरीजवळच्या मातीत तर मुळीच नको. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला ते फासण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. तीही सोडावी, कारण पावसाने ते धुऊन मातीत आणि पाण्यात उतरते. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. झाकणाच्या डब्यात साठवून, असे तेल गोळा करून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी पाठवणाऱ्या गॅरेजमध्ये ते द्यावे.

पुठ्ठ्यावरचा निकाल

काम संपल्यावर काकांनी विजयोत्सव करू दिला नाही. प्रथम तीन मैल, मग खाली पाहणे. दुसऱ्या दिवशी तीस मैल, मग खाली पाहणे. आठवड्याने पुन्हा पातळी तपासणे. रात्री अंगणात पुठ्ठा. पुठ्ठा पाहण्याचे काम मुलीने आपल्याकडे घेतले होते. पहिल्या सकाळी तो कोरडा निघाला, दुसऱ्या सकाळीही. आठव्या दिवशी तिने तो आजीच्या पलंगापाशी नेऊन दाखवला. आईने चष्मा लावून तो पुढून-मागून पाहिला आणि म्हणाली, “याच्यावर काहीच नाही की गं.” मुलगी म्हणाली, “आजी, तेच तर दाखवायला आणलाय.”

पावसाळा गेला. आई आता काठी घेऊन अंगणापर्यंत येते. मोटारीखालची फरशी कोरडी आहे.

दुरुस्तीच्या दुकानातील तो माणूस लबाड होता असे मी म्हणत नाही. त्याने पुसले नाही, म्हणून त्याला दिसले नाही. मीही पंधरा दिवस मुलीचे ऐकले नाही, म्हणून मलाही दिसले नाही. आम्हा दोघांत फारसा फरक नव्हता. घरी दुरुस्ती करण्याने पैसा वाचतो हे खरे, परंतु प्रत्येक दुरुस्ती घरी करण्याजोगी नसते हेही तितकेच खरे. कोणती आपली आणि कोणती जाणत्याची, हे ओळखणे हाच त्यातील शहाणपणा.

मिस्त्रीकाकांना मजुरी विचारली तेव्हा त्यांनी हात जोडले. सौ.ने त्यांना जेवावयास बोलावले. जेवताना ते मुलीला म्हणाले, “उजव्या बाजूचे सीलही त्याच वयाचे आहे बरं का. पुठ्ठा टाकून देऊ नकोस.”

पुठ्ठा अजून आमच्या जिन्याखाली आहे.